कुबित्सा मास्तरांचा आडनावकोश

ग्रोस-लिपोवा, १४ मार्च १९३६

प्रिय रायनहोल्ट,

पाकिटावर तुझं नवं नाव घालणार आहे, म्हणजे पत्र तुझ्यापर्यंत पोचेल. पोस्टातली लिझबेट विचारेलच, हे हार्टविग कोण म्हणून. सांगेन की ब्रेस्लाऊमधले ओळखीचे आहेत.

पत्राचं कारण एवढंच की बाबांचा कोश छापून आला. तुला कुणीतरी कळवायला हवं होतं, आणि बाबा कळवणार नाहीत हे तुलाही ठाऊक आहे. तुझ्या लग्नाची पत्रिका त्यांनी "या नावाचं कुणी आमच्या ओळखीचं नाही" असं लिहून परत पाठवली, तेव्हा मी शेजारीच उभी होते. मी काही बोलले नाही. आजही त्यावर बोलत नाही. तुला नोकरीत वर चढायचं होतं आणि कुबित्सा हे नाव ब्रेस्लाऊमध्ये खेडवळ वाटत होतं. ठीक आहे.

पुस्तक जाडजूड झालंय. हिरवी कापडी बांधणी, वर 'सिलेशियातील आडनावे: उगम आणि अर्थ', खाली अलोइस कुबित्सा. आपल्या लहानपणी बाबा रविवारी सायकलवरून कुठल्या कुठल्या गावच्या चर्चमध्ये जायचे, जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्या उतरवून आणायचे आणि आई म्हणायची, "मेलेल्यांची नावं गोळा करतात आणि जिवंतांची जेवणं थंड करतात." ते सगळं त्यात आहे. जर्मन नावं आहेत, पोलिश आहेत, चेक आहेत, आणि कुठून आली ते ठाऊक नाही असंही कितीतरी नावांपुढे प्रामाणिकपणे लिहिलंय.

गावातली माणसं येऊन आपापलं नाव बघून जातात. बेकरीवाला पिएंट्का आला होता. त्याच्या नावाचा उगम शुक्रवार. कुणी पूर्वज शुक्रवारी जन्मला असेल. पिएंट्का म्हणाला, "मास्तर, म्हणूनच शुक्रवारी माझा पाव फुगत नाही." बाबा खूप हसले. गिरणीवाले काच्मारेक मात्र रागावून गेले. त्यांना वाटत होतं, आपण कुणा सरदाराच्या वंशातले. बाबांनी सांगितलं, "तुमचा पूर्वज दारूचा गुत्ता चालवायचा." "मास्तर, निदान 'असावा' म्हणा." "चालवायचाच," बाबा म्हणाले. नावाच्या बाबतीत ते कुणाची भीड ठेवत नाहीत.

एक प्रत तुला पाठवू का? बाबांना न सांगता पाठवीन.

ओटिलिए


लिंडेनआऊ, ३० ऑगस्ट १९३६

प्रिय रायनहोल्ट,

वरचं गावाचं नाव बघून दचकू नकोस. आम्ही घर बदललेलं नाही. सरकारने गावाचं पोलिश वाटणारं नाव बदलून जर्मन केलं. स्टेशनवर नवी पाटी लागली, जुनी लाइनमनच्या कोंबड्यांच्या खुराड्याला लागली.

तू उत्तर दिलं नाहीस. कामात असशील. तुझी गेर्डा बरी असेल असं धरून चालते.

जिल्हा कचेरीने बाबांच्या कोशाच्या प्रती मागवल्या तेव्हा बाबांना फार आनंद झाला. आयुष्यभर शाळेत शिकवलं, पण सरकारने त्यांना आजवर कधी काही विचारलं नव्हतं. मग गेल्या आठवड्यात तिथले क्रेच्मर साहेब स्वतः घरी आले. वयाने तुझ्याएवढे असतील. नीटस माणूस, बूट पुसून आत आले. मी कॉफी आणि मनुकांचा केक दिला.

ते म्हणाले, "हेर कुबित्सा, तुम्ही आमचं केवढं काम वाचवलंत. सगळे अर्थ आयते आहेत. आता फक्त जर्मनमध्ये फिरवायचे."

बाबांना कळेना. "काय फिरवायचं?"

"नावं. तुमच्या बेकरीवाल्याचं नाव म्हणजे शुक्रवार ना? मग तो फ्रायटाग होईल. लोकांनी स्वतःहून अर्ज करायचे आहेत. जे करणार नाहीत त्यांना थोडं समजवावं लागेल."

बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मी अर्थ लिहिले ते आपण कुठून आलो हे लोकांना कळावं म्हणून."

"कळलं की त्यांना," क्रेच्मर म्हणाले. "आता पुढे कुठे जायचं ते आम्ही बघू."

साहेब गेल्यावर बाबांनी प्रकाशकाला तार केली, विक्री थांबवा. प्रकाशकाचं उत्तर आलं की पुस्तक इतकं खपतंय की दुसरी आवृत्ती काढायचा विचार आहे, अभिनंदन.

तू सरकारी वकिलांच्या कचेरीत आहेस, म्हणून विचारते. लेखकाला स्वतःचं पुस्तक परत घेता येतं का?

ओटिलिए


लिंडेनआऊ, ११ फेब्रुवारी १९३७

प्रिय रायनहोल्ट,

तुझं कार्ड मिळालं. 'घेता येत नाही.' कळलं. बाकी दोन ओळी लिहिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं, पण कार्ड आलं हेच पुष्कळ. मी ते शिवणाच्या पेटीत ठेवलंय.

म्हातारी आग्नेस सोव्का आठवते? धुणी धुवायची आपल्याकडे. तू तिच्या बादलीत बेडूक टाकला होतास. ती हिवाळ्याच्या सुरुवातीला कचेरीचा कागद घेऊन आली. तिला वाचता येत नाही. बाबांनी वाचून दाखवला. सोवा म्हणजे घुबड, तेव्हा तिने यापुढे ऑयल्नर हे नाव घ्यावं अशी सूचना होती.

ती म्हणाली, "इतकी वर्षं मी घुबड होते हेच मला कुणी सांगितलं नाही, आणि आता म्हणतात जर्मनमधलं घुबड हो. मास्तर, मला काही होऊन दाखवायचं नाहीये. माझा नवरा त्या नावाने पुरलाय. पोरगा त्या नावाने फ्रान्समध्ये मेला, आपल्याच कैझरसाठी. वर गेल्यावर ते मला काय म्हणून हाक मारतील?"

बाबांनी कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली. मग मला म्हणाले, "ओटिलिए, यंत्राला कागद लाव."

आणि त्यांनी सांगितलं ते मी टाइप केलं. की सोव्का हे आडनाव पोलिश वाटलं तरी मुळात जर्मन आहे, एका फार जुन्या जर्मन स्त्रीनामावरून आलेलं, उच्चार काळाच्या ओघात घासला गेला. खाली सही, अलोइस कुबित्सा, निवृत्त शिक्षक, आडनावकोशाचे कर्ते. असं कुठलंही स्त्रीनाव नाही, रायनहोल्ट. ते त्यांनी तिथे खुर्चीत बसून रचलं.

कचेरीने तो दाखला मानला. सोव्का सोव्काच राहिली. तिने आम्हाला एक कोंबडी आणून दिली.

मग काय, बातमी पसरली. आता आमच्या स्वयंपाकघरात डॉक्टरकडे असतात तशी माणसं बसलेली असतात. पिएंट्का आला, शेजारचा ग्लुख आला, काच्मारेकसुद्धा आले. टोपी हातात धरून म्हणाले, "मास्तर, आता मला सरदार करा." बाबांनी केलं. ज्या माणसाने एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, तो आता रोज एक खोटा उगम बसवतो. आणि बसवतात ते सुरेख. चौदाव्या शतकातले दाखले देतात. कागद नेताना माणसं त्यांचा हात हातात घेतात, आणि बाबा मात्र मान वर करत नाहीत. परवा म्हणाले, "दर वेळी हात खरं लिहायलाच जातो. त्याला मागे ओढावं लागतं."

त्यांचं जेवण कमी झालंय. मला काय करावं समजत नाही. थांबवा म्हणू, तर दाराशी माणसं आहेत. चालू द्या म्हणू, तर ते माझ्या डोळ्यांदेखत खंगतायत.

ओटिलिए

हे पत्र वाचून जाळून टाक.


लिंडेनआऊ, ६ मे १९३७

प्रिय रायनहोल्ट,

घाईत लिहिते. बाबांना कचेरीत बोलावलं होतं. मी सोबत गेले.

क्रेच्मर साहेबांच्या टेबलावर एका बाजूला कोश आणि दुसऱ्या बाजूला दाखल्यांचा गठ्ठा. ते अगदी शांतपणे म्हणाले, "कोशातले कुबित्सा म्हणतात सोव्का पोलिश आहे. दाखल्यातले कुबित्सा म्हणतात जर्मन आहे. या दोघांपैकी खोटं कोण बोलतंय ते मला सांगा."

बाबा म्हणाले, "माणूस शिकत असतो. मतं बदलतात."

"सगळी एकाच हिवाळ्यात?" मग त्यांनी कोश उघडला. खूण आधीच घातलेली होती. "आणि हे माझं नाव. क्रेच्मर, म्हणजे गुत्तेवाला. इथपर्यंत ठीक. पण तुम्ही लिहिता की हा शब्द आम्ही जर्मनांनी शेजारच्या पोलिश-चेक लोकांकडून उचलला. मूळ स्लाव्ह. आमच्या कचेरीत हे पान सगळ्यांनी वाचलंय, हेर कुबित्सा. जेवणाच्या सुटीत मला पोलिशमध्ये हाका मारतात."

 पानावर लिहिलंय ते खरंच आहे ना. बाबांचा चेहरा बघून मला कळलं की त्यांच्या तोंडात 'पण ते तसंच आहे' हे शब्द आलेत आणि ते गिळतायत.

साहेबांनी महिन्याच्या शेवटापर्यंत मुदत दिली. बाबांनी लेखी द्यायचं आहे. कोश बरोबर असेल तर सगळे दाखले खोटे, आणि सरकारी कचेरीला खोटा दाखला देणं म्हणजे काय ते मला सांगायला नको, तू वकील आहेस. दाखले बरोबर असतील, तर कोश चुकीचा.

काय लिहून द्यावं? पूर्वी काय झालं ते आत्ता बाजूला ठेव. बाबा आता सत्तरीचे आहेत, जिना चढताना दोनदा थांबतात. तुरुंगात ते जगणार नाहीत. या वेळी कार्ड नको. नीट लिही.

ओटिलिए


लिंडेनआऊ, २ जून १९३७

प्रिय रायनहोल्ट,

तुझं पत्र वेळेत आलं. पूर्ण एक पान. तुझं अक्षर अजून आईसारखंच आहे, उजवीकडे झुकलेलं.

मला आधी वाटलं, सल्ला कुणाचा ते बाबांना सांगू नये. पण लपवता आलं नाही. मी ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं: 'कोश चुकीचा आहे असं लिहून द्या. शास्त्रातली चूक हा गुन्हा नाही. मग दाखले उभे राहतील आणि कुणावर खटला होणार नाही.'

बाबांनी पत्र माझ्या हातातून घेतलं. मजकूर पुन्हा वाचला की अक्षर बघितलं, सांगता येत नाही. म्हणाले, "पोराला कायदा कळतो." थोड्या वेळाने म्हणाले, "जाडा झाला असेल का गं?"

मग त्यांनी स्वतःच्या हाताने निवेदन लिहिलं. मला टाइप करू दिलं नाही. की 'सिलेशियातील आडनावे' हा ग्रंथ मुळापासून सदोष आहे, लेखकाचं पोलिश भाषेचं ज्ञान अपुरं होतं, निष्कर्ष घाईने काढलेले आहेत, आणि अभ्यासकांनी त्यावर विसंबू नये. क्रेच्मर या नावाची नोंद विशेष चुकीची असल्याचं त्यांनी वेगळ्या ओळीत लिहिलं. एकही खाडाखोड नाही.

कचेरीत साहेबांनी ते वाचलं, हात मिळवला आणि आम्हाला दारापर्यंत पोचवायला आले. बाहेर पडल्यावर बाबांनी बाकावर बसून घेतलं. मला वाटलं पाय दुखतायत. ते म्हणाले, "पोलिशचं ज्ञान अपुरं. माझी आई मला पोलिशमध्ये झोपवायची."

पण माणसं वाचली. घरी आलो तर सोव्का दारात वाट बघत होती. तिला सांगितलं, झालं काम. तिने बाबांच्या खांद्याला हात लावला, जणू तेच लहान आहेत.

तुझे आभार मानते. खरंच मानते.

ओटिलिए


लिंडेनआऊ, १९ सप्टेंबर १९३७

रायनहोल्ट,

कोश नष्ट करायचा हुकूम निघाला. प्रकाशकाकडच्या उरलेल्या प्रती लगद्याच्या गिरणीत गेल्या. ग्रंथालयांतूनही काढल्या. ते होणार हे बाबांनी धरलंच होतं.

पण त्याच हुकुमात पुढे लिहिलंय की ज्या लेखकाचा कोश त्याच्याच कबुलीने मुळापासून सदोष आहे, तो लेखक आडनावांच्या बाबतीत जाणकार मानता येत नाही. सबब त्याने दिलेले सर्व दाखले रद्द.

आम्ही हे वाचलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी वगळून वाचलं मी. पुन्हा वाचलं. मी कचेरीत गेले. क्रेच्मर साहेब म्हणाले, "फ्राउलाइन, तुमच्या वडिलांनीच लिहून दिलंय. आम्ही फक्त त्यांचं म्हणणं मान्य केलं."

कोशही गेला आणि दाखलेही गेले. एकाच्या बदल्यात दुसरं वाचेल म्हणून त्यांनी ते लिहिलं होतं.

तुला हे ठाऊक होतं का? मी रागाने विचारत नाही. वकिलाला हे दिसायला हवं होतं की नाही, एवढंच मला कळत नाही, आणि विचारायला इथे दुसरं कुणी नाही. बाबांना मी विचारलं तर म्हणाले, "त्याला काय माहीत असणार. त्यालाही वरच्या कुणीतरी सांगितलं असेल." ते तुझ्यावर एक शब्द येऊ देत नाहीत. इतकी वर्षं तुझं नाव घरात निघत नव्हतं, आणि आता हे.

पिएंट्का फ्रायटाग झाला. दुकानावरची अक्षरं त्याने स्वतः शिडीवर चढून रंगवली, रंगाऱ्याला बोलावलं नाही. मी पाव आणायला गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तरांना सांगा, त्यांचा दोष नाही." आता आमच्या स्वयंपाकघरात कुणी येत नाही. फक्त सोव्का येते. तिला नव्या नावाने अंगठ्याऐवजी सही करायला सांगितलंय, म्हणून बाबा तिला ऑयल्नर लिहायला शिकवतात. दोघं खिडकीशी बसतात. ती जीभ बाहेर काढून एकेक अक्षर ओढते. परवा म्हणाली, "मास्तर, माझं खरं नाव मला कधी लिहिता आलं नाही. पहिल्यांदा लिहायला शिकतेय ते हे." बाबांनी तिच्या हातातली पेन्सिल सरळ केली आणि म्हणाले, "शेवटचं अक्षर थोडं खाली."

ओटिलिए


लिंडेनआऊ, ८ डिसेंबर १९३७

प्रिय रायनहोल्ट,

तू उत्तर दिलं नाहीस तरी लिहिते, कारण आता काम तुझ्याकडे आहे.

आमची पाळी आली. शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की नवीन वर्षात कुबित्सा नावाच्या बाईला मुलींना शिवण शिकवता येणार नाही. कचेरीचा कागदही आला. नाव स्वतः सुचवायचं, नाहीतर ते देतील.

मला वाटलं, बाबा कागद फाडतील. त्यांनी तो टेबलावर पसरला, चष्मा लावला, पेन घेतलं आणि विचारलं, "रायनहोल्टच्या नव्या आडनावाच्या शेवटी जी आहे ना? के नाही ना?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही काय लिहिताय?"

"हार्टविग," ते म्हणाले. "जुनं नाव आहे, चांगलं आहे. झुंजीत चिवट राहणारा. पोराने निवड वाईट केली नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काहीतरी घ्यायचंच आहे. मग त्याचंच घेऊ. निदान बापलेकाचं नाव परत एक होईल."

मी आत जाऊन चूल सारखी करत बसले.

कचेरीतला कारकून म्हणाला की प्रांतात सरकारी नोकर असलेल्या माणसाने घेतलेलं नाव दुसऱ्याला हवं असेल, तर नातं काय ते त्या माणसाने लिहून द्यायला हवं. दोन ओळी पुरेत. 'अलोइस कुबित्सा हे माझे वडील असून त्यांनी माझं आडनाव घेण्यास माझी हरकत नाही.' खाली सही.

नाताळच्या आधी पाठवलीस तर बरं. बाबा रोज विचारत नाहीत, पण पोस्टमन यायच्या वेळी कोट घालून फाटकाशी उभे राहतात. थंडी फार आहे. मी आत या म्हटलं तर म्हणतात, "जरा हवा खातोय."

ओटिलिए


लिंडेनआऊ, २३ जानेवारी १९३८

रायनहोल्ट,

तुझं पत्र माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस.

तुझ्या फाइलमध्ये वडील 'मयत' असं लिहिलेलं आहे, आणि आता लेखी नातं कबूल केलं तर गेर्डाच्या घरी आणि कचेरीत प्रश्न निघतील, हे मी वाचलं. मूल होणार आहे हेही वाचलं. मूल सुखरूप होवो. तुझ्यावर ओरडायला मला जागाच सापडत नाही. सगळे कुणाला तरी भितात. मुख्याध्यापिका बाई भितात, क्रेच्मरसुद्धा जेवणाच्या सुटीला भितात.

पत्र मी बाबांना दाखवलं नाही. त्यांना सांगितलं की तुझी संमती केव्हाच आली होती, तू ती ताबडतोब थेट कचेरीला पाठवली होतीस, पण कचेरीने नियम दाखवून अर्ज फेटाळला.

ते ऐकत होते. मी म्हटलं, "रायनहोल्टने फार प्रयत्न केले, बाबा. पण वरून नकार आला."

"म्हणजे कचेरी नाही म्हणाली," बाबा म्हणाले.

"हो. कचेरी."

त्यांनी मान डोलावली. मग कोट काढून खुंटीला लावला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सूप पूर्ण प्यायले. म्हणाले, "त्या लोकांकडून आणखी कसली अपेक्षा करणार."

कचेरीने आम्हाला क्यूब्लर हे नाव दिलंय. लाकडी पिंप बनवणारा. कुबित्साशी थोडं जुळतं म्हणून दिलं असेल. हे पत्र त्याच नावाने पाठवते आहे, तेव्हा तुझ्या घरी पाकीट कुणाच्या हाती लागलं तरी काळजी करू नकोस. तुला आमच्याशी जोडणारं त्यावर काही नाही.

बाबा तुझी आठवण काढतात आता, रोज. मी प्रत्येक वेळी तुझ्याबद्दल काहीतरी चांगलं सांगते. काल सांगितलं की मुलगा झाला तर तू त्याचं नाव अलोइस ठेवणार आहेस.

ओटिलिए क्यूब्लर